नदीचें पाणी आणि खालच्या गांवचा शेजारी

वाहतें पाणी आपोआप निर्मळ होतें, अशी आपल्या लोकांची पिढ्यान् पिढ्या चालत आलेली समजूत आहे. ही समजूत अगदींच खोटी नाहीं. डबक्यांतील पाणी कुजतें आणि नदीचें ताजें राहतें, हें कोणीहि शेतकरी सांगेल. परंतु प्रत्येक खऱ्या गोष्टीस तिची मर्यादा असते, आणि ती न ओळखतां वागल्यास खरी गोष्टहि घातक होते. नदी किती मळ पचवूं शकते, कोणता मळ तिला मुळींच पचत नाहीं, आणि न पचलेला मळ शेवटीं कोणाच्या घरीं जातो, ह्या तीन प्रश्नांचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं करावा, एवढ्यासाठीं हा लेख आम्ही लिहीत आहों.

प्रथम नदी स्वतःस स्वच्छ कशी करते तें पाहूं. पाण्यांत हवेंतील प्राणवायु थोड्या प्रमाणांत विरघळलेला असतो. मासे आपल्या कल्ल्यांनीं हाच प्राणवायु घेऊन जगतात. पाण्यांत पाला, शेण, अन्नाचे कण, मलमूत्र असे कुजणारे पदार्थ पडले म्हणजे असंख्य सूक्ष्म जंतु ते खाऊं लागतात, आणि ह्या कामीं तेहि तोच प्राणवायु वापरतात. मळाचें रूपांतर साध्या पदार्थांत होतें, आणि खर्च झालेला प्राणवायु पाणी पुन्हा हवेंतून ओढून घेतें. खडकांवरून खळखळत जाणारा प्रवाह हें काम लवकर करितो. संथ पाण्यास तें सावकाश जमतें. ह्यालाच आपण 'नदी निर्मळ झाली' असें म्हणतों. म्हणजे नदीच्या अंगीं कोणतीहि जादू नाहीं. तिच्याजवळ प्राणवायूचें थोडेंसें भांडवल आहे, आणि त्यावर ती आपला व्यवहार चालविते.

हें भांडवल किती थोडें आहे, तें आंकड्यांनींच कळेल. सेंटिग्रेड ३० अंश उष्णतेच्या एक लिटर हवेंत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायु असतो. तितक्याच उष्ण एक लिटर पाण्यांत तो फार झाला तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. पाणी थंड होऊन २० अंशांवर आलें तर सुमारे ९ मिलिग्रॅम. यावरून हें ध्यानीं येईल कीं, उन्हाळ्यांत नदीवर दुहेरी संकट येतें. पाणी आटल्यामुळें मळ दाट होतो, आणि पाणी तापल्यामुळें भांडवलहि घटतें. नदींत मासे जगावयाचे तर लिटरास निदान ४ मिलिग्रॅम, आणि ती स्नानास योग्य राहावयाची तर निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायु असावा, असें माप केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें घालून दिलें आहे.

आतां मळाचें माप. शास्त्रज्ञ तो तागडींत घालून मोजीत बसत नाहींत. तो किती प्राणवायु खाऊन टाकतो, ह्यावरून त्याची किंमत करितात. पाण्याचा नमुना बाटलींत बंद करून २७ अंश उष्णतेवर तीन दिवस अंधारांत ठेवावयाचा, आणि आरंभींचा प्राणवायु व शेवटचा प्राणवायु ह्यांतील अंतर काढावयाचें, अशी आपल्या देशांतील पद्धति आहे. ह्या मापानें घरगुती सांडपाण्याच्या एका लिटराची भूक सुमारे २५० मिलिग्रॅम भरते. उसाच्या मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्यांत जें तांबूस काळें पाणी उरतें, त्याच्या एका लिटराची भूक ४०,००० मिलिग्रॅम किंवा त्याहूनहि अधिक असते. आणि एक लिटर मद्यार्कामागें असें पाणी आठ ते पंधरा लिटर निघतें.

आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें वही पुढें ओढून एक त्रैराशिक मांडावें. नदीच्या एक लिटर स्वच्छ पाण्यांत ८ मिलिग्रॅम प्राणवायु धरला, तर एक लिटर सांडपाणी सुमारे ३१ लिटर नदीचा सर्व प्राणवायु संपवूं शकतें. आसवनीचें एक लिटर पाणी ५,००० लिटर नदीचा प्राणवायु संपवूं शकतें. माशांसाठीं त्यांतील निम्मा राखून ठेवावयाचा म्हटलें तर हेच आंकडे दुप्पट होतील. म्हणूनच हें पाणी प्रक्रिया केल्यावांचून नदींत सोडूं नये असा दंडक आहे. तें बंद टाक्यांत कुजवून त्यापासून जळाऊ वायु काढितात, आटवून जाळतात, किंवा कारखान्याच्या गाळांत मुरवून खत करितात. उपाय ठाऊक नाहीं असें मुळींच नाहीं. उपायास खर्च लागतो, आणि रात्रीं ओढ्यांत सोडून दिलें तर तो वांचतो, एवढाच काय तो प्रश्न आहे.

आपल्या प्रांतांतील पंचगंगेचें उदाहरण घेऊं. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती ह्या चार नद्या, आणि लोकश्रद्धेप्रमाणें पांचवी गुप्त सरस्वती, ह्यांचा संगम कोल्हापुराजवळ प्रयाग चिखली येथें होतो. तेथून ही नदी कोल्हापुरावरून व पुढें इचलकरंजीवरून वाहत जाऊन नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. वाटेंत तिला शहरांचे नाले मिळतात, सुती कापड धुणाऱ्या व रंगविणाऱ्या कारखान्यांचें पाणी मिळतें, साखर कारखान्यांच्या परिसरांतील ओढे मिळतात. तिच्यावर जागोजाग कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला कीं त्यांत बरगे बसवून पाणी अडवितात. शेतीस तें जीवनच होय. परंतु अडलेल्या पाण्यांत मळ सांठतो, प्रवाह थांबतो, आणि प्राणवायूची भरपाई मंदावते. शिरोळ तालुक्यांत अशा बंधाऱ्यांपाशीं गेल्या कांहीं वर्षांत एकाहून अधिक वेळां मेलेल्या माशांचा खच पडला. असें होण्यापूर्वीं पुष्कळदां मासे पाण्याच्या पृष्ठभागीं येऊन तोंडें उघडूं लागतात. लोकांस वाटतें, कोणी विष घातलें. कित्येक वेळां तसें नसतें. तो जीव गुदमरत असतो, आणि खालीं न मिळणारा श्वास वरच्या पातळ थरांत शोधीत असतो.

येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. कारखान्याचें पाणी रंगानें व वासानें ओळखूं येतें, म्हणून आपण त्याकडे बोट दाखवितों. घरांच्या मोऱ्यांचें पाणी एका घरापुरतें पाहिलें तर बादलीभरहि वाटत नाहीं. परंतु अशीं लक्षावधि घरें एका नाल्यास मिळालीं म्हणजे त्यांचा भार कारखान्याहून कमी राहत नाहीं. ज्या नाल्यावर शुद्धीकरणाची व्यवस्था अपुरी आहे, त्या नाल्याचे आपण सर्वच भागीदार आहों.

दुसऱ्या प्रकारचा मळ नदीस उपाशी मारीत नाहीं. तो तिला अजीर्णानें मारितो. शेतांतून वाहून येणारीं खतें, मलमूत्र, आणि कपडे धुण्याच्या कित्येक चूर्णांतील स्फुर, ह्यांत नत्र व स्फुर हीं वनस्पतींचीं अन्नद्रव्यें असतात. तीं पाण्यांत वाढलीं कीं शेवाळ माजतें, आणि दक्षिण अमेरिकेंतून इकडे आलेली जलपर्णी नदीवर हिरवें जाजम पसरिते. दुरून तें शोभिवंत दिसतें. पण त्या जाजमाखालीं उजेड पोंचत नाहीं, हवा लागत नाहीं, आणि तीं पानें मरून कुजूं लागलीं म्हणजे प्राणवायूचा पुन्हा फडशा पडतो. पुण्याच्या मुळा-मुठेंत ही जलपर्णी दरवर्षीं काढावी लागते. तें पाणी पुढें भीमेस मिळतें, भीमा उजनीच्या धरणांत येते, आणि त्या धरणाचें पाणी सोलापूरकर पितात. पुण्यांतील एखाद्या गृहिणीनें सकाळीं मोरींत सोडलेला साबणाचा फेस सोलापुराच्या वाटेस लागतो, हें तिला कोणी सांगितलेलें नसतें.

फेसावरून आठवलें. गेल्या शतकाच्या मध्यास युरोप व अमेरिकेंतील नद्यांवर साबणचूर्णांच्या फेसाचे डोंगर उठूं लागले. त्या चूर्णांतील रसायनाच्या रेणूस फांद्या फुटलेल्या होत्या, आणि जंतूंना तो रेणु फोडतां येत नव्हता. जर्मनीनें १९६१ सालीं कायदा केला, अमेरिकेंतील कारखानदारांनीं १९६५ सालीं सरळ साखळीचा रेणु वापरण्यास आरंभ केला, आणि जंतु तो खाऊं लागले. रसायनशास्त्रानें केलेली चूक रसायनशास्त्रानेंच सुधारली. आमच्या प्रयोगशाळेंत शिकणाऱ्या मुलांनीं हें उदाहरण मनांत ठेवावें.

तिसरा प्रकार सर्वांत भयंकर. पारा, शिसें, कॅडमियम, क्रोमियम हे धातु जंतूंना खातां येत नाहींत. ते कुजत नाहींत, जळत नाहींत, नाहींसे होत नाहींत. "एवढ्या मोठ्या पाण्यांत चिमूटभर विष तें काय?" असा युक्तिवाद येथें फसतो. पाण्यांतला कण शेवाळ घेतें, शेवाळ बारीक किडे खातात, किड्यांस लहान मासे, लहानांस मोठे, आणि मोठ्यांस मनुष्य खातो. प्रत्येक पायरीवर खाणारा पुष्कळ खातो, आणि पाऱ्यासारखें विष शरीराबाहेर फार सावकाश टाकितो. म्हणून नदीनें पातळ केलेलें विष प्राण्यांच्या देहांत पुन्हा दाट होतें.

जपानांतील दोन नद्यांनीं हा धडा जगास शिकविला. तोयामा प्रांतांतील जिंझू नदीच्या वरच्या अंगास कामिओका येथें जस्ताची खाण होती. तिच्या पाण्यांतून कॅडमियम नदींत येई, आणि त्याच पाण्यावर खालच्या गांवीं भात पिके. वर्षानुवर्षें तो भात खाऊन लोकांचीं, विशेषतः अनेक मुलांच्या प्रौढ मातांचीं, मूत्रपिंडें बिघडलीं व हाडें इतकीं ठिसूळ झालीं कीं साध्या हालचालीनेंहि तीं मोडूं लागलीं. वेदनेनें विव्हळतांना तोंडून जो शब्द निघे, त्यावरूनच त्या रोगास 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतें, दुखतें', असें नांव पडलें. १९६८ सालीं जपान सरकारनें ह्या रोगाचें मूळ कॅडमियम असल्याचें जाहीर केलें, आणि १९७१ सालीं न्यायालयानें पीडितांच्या बाजूनें निकाल दिला.

दुसरी नदी अगानो. मिनामाता गांवच्या उपसागरांत कारखान्यानें सोडलेल्या पाऱ्यामुळें मासे खाणाऱ्या लोकांच्या मज्जातंतूंस झालेला रोग १९५६ सालीं उघडकीस आला होता. त्यापासून बोध घेतला गेला असता तर बरें होतें. परंतु १९६५ सालीं नीगाता प्रांतांत अगानो नदीच्या कांठीं तोच रोग पुन्हा दिसला. हात कांपणें, दृष्टि आकुंचित होणें, वाचा अडखळणें हीं त्याचीं लक्षणें. ह्या रोग्यांपैकीं बहुतेकांनीं तो कारखाना पाहिलाहि नसेल; तो नदीच्या बऱ्याच वरच्या बाजूस होता. त्यांचा अपराध एवढाच कीं, ते त्याच नदीचे मासे खात होते.

असले प्रकार दूरदेशींच होतात असें समजूं नये. कानपूरच्या जाजमऊ भागांत कातडीं कमावितांना वापरलेलें क्रोमियम गंगेस मिळाल्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. हैद्राबादेजवळील पाटनचेरू येथें औषधांच्या कारखान्यांच्या शुद्ध केलेल्या म्हणून सोडलेल्या पाण्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन हें जंतुनाशक औषध लिटरास ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळलें, असें संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलें. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तांतहि तें इतकें नसतें. अशा पाण्यांत रोगजंतु औषधास सरावतात, आणि मग तेंच औषध खऱ्या रोग्यास लागू पडत नाहीं.

आतां आपल्या घरांत डोकावूं. संडास स्वच्छ करण्याचें तीव्र आम्ल, मोरी मोकळी करण्याचा दाहक सोडा, उरलेला रंग व टर्पेंटाइन, गाडीचें जळकें तेल, पिकांवर फवारण्याच्या औषधांचे डबे विसळलेलें पाणी, मुदत संपलेल्या गोळ्या, फुटलेल्या तापमापकांतील पारा, ह्या सर्वांस आपण एकच वाट दाखवितों. ती वाट मोरीची. शहरांतील सांडपाणी शुद्ध करण्याचीं केंद्रें मुख्यतः कुजणाऱ्या मळासाठीं बांधलेलीं असतात. धातु व औषधें त्यांतून पुरतेपणीं निघत नाहींत. मोरींत ओतलेली वस्तु दृष्टीआड होते एवढेंच. ती जगांतून जात नाहीं.

मग नदी एकदां बिघडली कीं संपली काय? नाहीं, आणि हें सांगतांना आम्हांस आनंद होतो. लंडनच्या टेम्स नदीस १८५८ सालच्या उन्हाळ्यांत एवढी दुर्गंधि सुटली कीं पार्लमेंटाचें काम चालणें कठीण झालें. तेव्हां मोठीं गटारें बांधून शहराची घाण बेक्टन व क्रॉसनेस येथें, म्हणजे लंडनच्या खालच्या बाजूस, नेऊन सोडली. शहर सुटलें, नदी सुटली नाहीं. घाण फक्त शेजाऱ्याच्या दारीं गेली. १९५७ सालीं पाहणी केली तेव्हां लंडनमधील नदीच्या मोठ्या भागांत मासाच उरला नव्हता. पुढें शुद्धीकरणाची केंद्रें सुधारलीं, कारखान्यांवर निर्बंध आले, आणि १९७४ सालीं एका वीजकेंद्राच्या जाळींत सॅमन मासा सांपडला. ऱ्हाईन नदीची कथाहि तशीच आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजीं स्वित्झर्लंडांत बाझलजवळ रसायनांच्या वखारीस आग लागली. ती विझवितांना वाहिलेलें पाणी कीटकनाशकें घेऊन नदींत उतरलें. नदी तांबडी झाली आणि शेंकडों किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. परंतु कांठावरच्या देशांनीं दुसऱ्याच वर्षीं एकत्र येऊन सुधारणेचा कार्यक्रम आंखला, आणि सॅमन त्या नदींतहि परतला. अनेक राष्ट्रांस जें साधलें तें चार तालुक्यांस कां साधूं नये?

आपल्याकडे कायदा नाहीं अशी सबब कोणी सांगूं नये. जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्रानें १९६९ सालीं व सर्व देशानें १९७४ सालीं कायदा केला. घरांतील घातक कचरा निराळा ठेवून द्यावा असें २०१६ सालच्या नियमांनीं सांगितलें. परंतु रात्रींच्या अंधारांत ओढ्यावर कोणीहि शिपाई उभा नसतो. तेथें मनुष्याची सदसद्विवेकबुद्धि एवढीच पाहारेकरी असते.

म्हणून, प्रिय विद्यार्थ्यांनो, कांहीं साध्या गोष्टी आजपासून धरा. साबणाचें चूर्ण मापानें घ्या. अधिक फेस म्हणजे अधिक स्वच्छता नव्हे. रंग, तेल, औषधें, विजेरीचे सेल मोरींत किंवा ओढ्यांत टाकूं नका. तीं निराळीं ठेवून नगरपालिकेच्या व्यवस्थेकडे द्या. वडील शेतकरी असतील तर खत व फवारणी मापानें व्हावी, आणि डबे नदींत धुऊं नयेत, एवढें त्यांस नम्रपणें सांगा. नदीवर गेलांत तर डोळे उघडे ठेवा. पाण्याचा रंग बदलला किंवा मासे वर येऊन धापा टाकूं लागले तर तें पाणी पिऊं नका, आणि तारीख व वेळ लिहून ग्रामपंचायतीस व प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवा. आणि ज्या पालकांचा रोजगार कारखान्यांत आहे, त्यांस आमची विनंति अशी कीं, कारखाना बंद पडावा असें कोणासहि वाटत नाहीं. परंतु शुद्धीकरणाचें यंत्र केवळ तपासणीच्या दिवशीं न चालतां रोज चालावें, हें पाहणें त्यांच्याहि हातीं थोडेंबहुत असतें.

'माझा शेजारी कोण?' असें एका शास्त्र्यानें प्रभु येशूस विचारलें, तेव्हां प्रभूनें त्यास व्याख्या सांगितली नाहीं. यरुशलेमाहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर पडलेल्या एका घायाळ मनुष्याची गोष्ट सांगितली. आमच्या शाळेंतील सर्व धर्मांच्या मुलांस ती ठाऊक आहे. त्या वाटेप्रमाणें नदी हीहि एक वाट आहे. तिच्यावरून आपण जें सोडतों तें खालच्या गांवीं पोंचतें. तेथें घागर भरणारी बाई, जाळें टाकणारा कोळी, पोहणारें मूल ह्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नसतात, आणि तींहि आपणांस ओळखीत नाहींत. तरी तीं आपले शेजारी होत. आपणहि कोणाच्या तरी खालच्या गांवीं राहतों, आणि वरच्या गांवच्या लोकांनीं आपली आठवण ठेवावी अशी आपली इच्छा असते. तीच आठवण आपण खालच्या गांवची ठेवावी, आणि देवानें दिलेलें हें पाणी जितकें निर्मळ आपल्या हातीं आलें, निदान तितकें तरी निर्मळ पुढें जाऊं द्यावें.